कीपासएक्ससी : पासवर्डची तिजोरी आपल्याच संगणकावर

मी अनेक वर्षे एकच पासवर्ड, शेवटचा आकडा तेवढा बदलून, सगळीकडे वापरत होते. त्यांपैकी एका संकेतस्थळावरील माहिती फुटली आणि तोच पासवर्ड लावून कोणीतरी माझा ई-मेल उघडू पाहिला, तेव्हा मी कीपासएक्ससी वापरायला घेतले.

विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारा हा मोफत, मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता येतो असा) प्रोग्राम सगळे पासवर्ड एकाच कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या, फाइलमध्ये ठेवतो आणि ती फाइल आपल्याच संगणकावर राहते. तिला कुलूप एकच, मुख्य पासवर्डचे. त्यापासून किल्ली तयार करताना आर्गॉन२ ही पद्धत मुद्दाम वेळ आणि मेमरी खर्च करते. आपल्याला क्षणभर थांबावे लागते, परंतु अंदाजाने लाखो पासवर्ड लावून पाहणाऱ्याला तेवढाच वेळ प्रत्येक प्रयत्नाला मोजावा लागतो.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो यातील पासवर्ड तयार करणारा भाग. मुख्य पासवर्डसाठी मी शब्दांचा पर्याय निवडला. त्याच्या यादीत 7776 शब्द आहेत, कारण अशी यादी मुळात फासे टाकून शब्द निवडण्यासाठी बनवलेली असते आणि पाच फासे टाकले की बरोबर तितकेच वेगवेगळे क्रम पडू शकतात. त्यातून संगणकाने यादृच्छिक निवडलेले सात शब्द हे वाढदिवस किंवा नाव मोडतोड करून बनवलेल्या पासवर्डपेक्षा कितीतरी भक्कम ठरतात. शब्द इंग्रजी असल्यामुळे सुरुवातीला जड गेले, पण आठवडाभर रोज टंकल्यावर बोटांना सवय झाली. (न रुचणारा शब्द बदलण्याचा मोह मात्र टाळावा, कारण आपली निवड आली की यादृच्छिकता गेली.) बाकीच्या खात्यांचे वीस-वीस अक्षरांचे पासवर्ड मला पाठ नाहीत आणि ते असण्याची गरजही नाही. पासवर्ड कॉपी केला की खाली एक पट्टी सरकू लागते आणि मूळ सेटिंगनुसार दहा सेकंदांत क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो ती जागा, रिकामा होतो.

उणिवाही आहेत. याचे स्वतःचे मोबाइल ॲप नाही. फोनवर हीच फाइल उघडणारे दुसरे ॲप घ्यावे लागते आणि दोन्हीकडची फाइल जुळती ठेवणे आपल्याकडेच येते. मुख्य पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवून देणारे कोणीही नाही. म्हणून मी ते सात शब्द कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवले आहेत, फाइलच्या प्रती दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर आहेत, आणि त्यांपैकी एक प्रत गेल्याच महिन्यात दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली.