आरटीके ड्रोन की फक्कीच्या खुणा?

ड्रोनने नकाशे करायला शिकणारे सहसा उडवण्यात अडत नाहीत. फोटो जोडून ऑर्थोमोझॅक (सरळ वरून दिसणारा एकसंध फोटो-नकाशा) होतो, दिसतोही झकास. मग कुणीतरी तो गावाच्या नकाशावर टाकतो आणि शेताचा बांध शेजाऱ्याच्या गोठ्यातून जाताना दिसतो. साध्या ड्रोनचं जीपीएस काही मीटर चुकणारच. आता आरटीकेवाला, म्हणजे उडतानाच जीपीएसची चूक सुधारून घेणारा ड्रोन घ्यायचा, की आहे त्याच ड्रोनसाठी जमिनीवर कंट्रोल पॉइंट, म्हणजे नेमक्या मोजलेल्या, वरून दिसणाऱ्या खुणा मांडायच्या? मी दोन्ही वापरलंय, पण बहुतेक राजापूरकडच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर. तेव्हा हे मत त्या जमिनीपुरतं समजा.

आरटीकेची सोय नाकारता येत नाही. प्रत्येक फोटोचं स्थान उडतानाच सेंटिमीटरच्या घरात मिळतं. उन्हात वणवण नाही, संध्याकाळी फोटोफोटोंत खूण शोधून क्लिक करत बसणं नाही. खाणीतल्या ढिगाऱ्यांचं घनफळ दर आठवड्याला काढायचं असेल, किंवा दरड कोसळलेल्या उतारावर पाय ठेवणं धोक्याचं असेल, तर मीही तोच घेईन.

माझं बिनसलं ते ‘फ्लोट’शी. चूक सुधारणारी माहिती, म्हणजे करेक्शन, येतं मोबाइल इंटरनेटवरून, आणि सड्यावर एका कोपऱ्यात रेंज भरपूर, दुसऱ्यात ठणठणाट. स्क्रीनवर ‘फिक्स’ (स्थान सेंटिमीटरपर्यंत पक्कं) बघून उडवावं, तर ड्रोन ऐन मध्यावर असताना त्याचा ‘फ्लोट’ (स्थान अंदाजे) होतो. मग काही फोटो सेंटिमीटरचे, काही अर्ध्या मीटरचे, आणि सगळे एकाच नकाशात. परत बोलवा नाहीतर घिरट्या घालत ठेवा, बॅटरी जातेच. स्वतःचा बेस (एका जागी ठेवून करेक्शन पाठवणारा रिसीव्हर) लावला की रेंजची कटकट मिटते, पण तो विकत घेणं आलं, शिवाय त्याची जागा आधी नीट ठाऊक हवी. पीपीकेमध्ये करेक्शन घरी येऊन लावता येतं, हे खरं. नवशिक्याला मात्र ते आणखी एक सॉफ्टवेअर.

खुणा मोजायलाही रोव्हर (काठीवरचा अचूक जीपीएस रिसीव्हर) लागतो आणि रोव्हरलाही फिक्स लागतो, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण रोव्हर जमिनीवर असतो. फिक्स येईना तर काठी धरून थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा बघायचं. हवेत असं थांबता येत नाही. रोव्हर भाड्यानेही मिळतो. काळपट कातळावर कबड्डीच्या मैदानाची फक्की वरून लख्ख दिसते. पावसाळ्यानंतर गवत माजलं की दिसत नाही, तेव्हा जुन्या फ्लेक्सचे तुकडे दगडांखाली दाबायचे. (बारसू, कशेळीसारख्या कातळशिल्पांच्या जागी फक्की अजिबात नको. तिथे फ्लेक्सच, तोही परवानगी काढून आणि कोरीवकामापासून लांब.)

उंचीचा घोळही जमिनीवर उभं राहूनच कळतो. कॅमेरा सरळ खाली रोखून सगळं एकाच उंचीवरून उडवलं, तर सॉफ्टवेअर लेन्सची फोकल लेंग्थ किंचित चुकीची धरतं आणि आरटीके असूनही अख्खा नकाशा थोडा वर किंवा खाली सरकतो. जमिनीवरचा एक मोजलेला बिंदूही ते उघडं पाडतो. शिवाय जीपीएसची उंची समुद्रसपाटीपासूनची नव्हे, इलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची) असते, त्यामुळे कोकणातला समुद्रकिनारा उणे साठ-सत्तर मीटर दाखवतो. स्वतः किनाऱ्यावर रोव्हर टेकवला की हे एकदाच डोक्यात बसतं. आरटीके ड्रोन घेतलेल्या काहींना ही गोष्ट फार उशिरा कळलेली पाहिली आहे.

तुमच्या भागात रेंज चांगली असेल, संस्थेकडे पैसे असतील, तर हिशोब वेगळा होऊ शकतो. शिकण्यासाठी म्हणाल तर पहिल्या वर्षाचे पैसे मी रोव्हरच्या भाड्यात घालीन. सुरुवातीला छोटं क्षेत्र घ्या, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक खूण मांडा. चढउतार असेल तर सर्वांत उंच आणि सखल जागीही. आणखी दोन-तीन बिंदू मोजून प्रोसेसिंगबाहेर, फक्त तपासायला ठेवा. पुढे आरटीके घेतलात तरी हे दोन-तीन लागणारच.