फिटनेस बँडचा कोणता आकडा धरायचा, कोणता सोडायचा

फिटनेस बँडच्या खोक्यावर भलीमोठी यादी असते: ठोके, पावलं, झोप, ऑक्सिजन, ताण, कॅलरी, झालंच तर ‘शरीराचं वय’. आत मोजणारे भाग मात्र मुख्यतः दोनच. एक हालचाल टिपणारा ॲक्सेलरोमीटर आणि दुसरा त्वचेवर प्रकाश टाकून परत आलेला प्रकाश मोजणारा सेन्सर. वरच्या श्रेणीतल्या घड्याळांत जीपीएस, त्वचेच्या तापमानाचा सेन्सर आणि ईसीजीसाठी धातूचे स्पर्शबिंदू असतात. यादीतलं बाकी सगळं या संकेतांवर केलेलं गणित आहे, आणि गणिताच्या पायऱ्या वाढतात तशी चूकही वाढत जाते.

याचं चांगलं उदाहरण २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दिलं. त्यांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत मात्र सगळ्यात बऱ्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के निघाली. त्यानंतर सेन्सर सुधारले, पण कॅलरीची मूळ अडचण तशीच आहे: वय, वजन, उंची, ठोके आणि हालचाल यांवरून केलेला तो अंदाज आहे. बँडने ४०० कॅलरी जळाल्याचं दाखवलं म्हणून तेवढं जास्त खाणाऱ्याचं वजन का उतरत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. कॅलरीचा चौकोन ॲपच्या पहिल्या पानावरून काढून टाकावा, हे उत्तम.

ठोके कसे मोजले जातात ते कळलं की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं आणि ओसरतं, तसा परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. सेन्सर हा चढउतार मोजतो. पट्टा सैल असेल तर मधल्या फटीतून बाहेरचा प्रकाश आत शिरतो. फार आवळला तर तिथलं रक्तच दाबलं जातं. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि संकेत क्षीण होतो. सेन्सरखाली गडद टॅटू असेल तर शाई प्रकाश अडवते आणि आकडा येतच नाही किंवा भलताच येतो. यावर सेटिंगमध्ये उपाय नाही, मनगट बदलायचं.

बँड मनगटाच्या हाडावर नव्हे, तर हाडापासून कोपराच्या दिशेने एक बोट अंतर सोडून बांधावा. एरवी पट्ट्याखाली करंगळी जेमतेम सरकेल इतका सैल. व्यायामाच्या वेळी आणखी बोटभर वर सरकवून एक भोक घट्ट करावा आणि व्यायाम संपताच पुन्हा सैल करावा. नेहमी दिसणारा एक दोष म्हणजे धावताना ठोक्यांचा आकडा अचानक १७० च्या आसपास जाऊन चिकटतो, धावणारा मात्र आरामात बोलत असतो. हृदय तेवढं धडधडत नसतं. पावलं मिनिटाला १७० पडत असतात, हात त्याच तालात हलतो आणि सेन्सर त्या तालालाच नाडी समजून बसतो. अशा वेळी थांबून पट्टा घट्ट करायचा, अर्धा मिनिट जाऊ द्यायचा आणि पुन्हा बघायचं. घरून निघण्याआधी पाच मिनिटं अंग गरम केलं तर हा प्रकार पुष्कळ कमी होतो.

वजनं उचलताना, रोइंग करताना किंवा सायकलचं हँडल घट्ट धरताना मनगटाचे स्नायू ताणले जातात, तेव्हा कितीही चांगलं घड्याळ चुकतं. ठोक्यांच्या टप्प्यांनुसार नेमका सराव करायचा असेल तर छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, प्रकाशावर अवलंबून नसतो आणि बहुतेक घड्याळांना ब्लूटूथने जोडता येतो. बांधण्याआधी त्याचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करायचे. कोरडाच बांधला तर पहिली दहा मिनिटं, म्हणजे घाम येईपर्यंत, आकडे उड्या मारतात. वापरानंतर मधला सेन्सर काढून पट्टा धुवावा आणि वाळवावा. सेन्सर पट्ट्यातच अडकवून ठेवला तर ओलाव्यामुळे तो चालूच राहू शकतो आणि बॅटरी उतरते.

पावलांबद्दल थोडक्यात. १०,००० हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर, या नावाचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं आणि तिथून तो रुजला. बँड पाऊल पाहत नाही, हाताचा झोका पाहतो. बाबागाडी ढकलताना, ट्रेडमिलचा दांडा धरून चालताना किंवा दोन्ही हातांत पिशव्या असताना पावलं बुडतात. भांडी घासताना फुकटची जमा होतात. ढकलगाडीच्या वेळी बँड काढून पँटच्या खिशात ठेवला तर मोजणी बरीच सुधारते. त्यापेक्षा ‘सक्रिय मिनिटं’ हा आकडा कामाचा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसच मिनिटांत आहे: प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम.

आता ज्या आकड्यासाठी बँड खरोखर घ्यावा तो: विश्रांतीतले ठोके. तो रोज, बहुधा झोपेत, एकाच परिस्थितीत मोजला जातो, म्हणून त्यात गोंगाट कमी. प्रौढांमध्ये ६० ते १०० ही सर्वसाधारण मर्यादा मानतात, भरपूर सराव असलेल्यांचे ठोके ५० च्याही खाली असू शकतात. पण मर्यादेपेक्षा आपलीच नेहमीची पातळी महत्त्वाची. पहिले दोन-तीन आठवडे नुसता बँड घालायचा, निष्कर्ष काढायचे नाहीत. नेहमीचा आकडा ६२ असेल आणि सलग तीन दिवस ७० दिसला, तर ताप येऊ घातलाय, झोप अपुरी आहे, पाणी कमी पडतंय, मद्य झालंय किंवा व्यायामाचा अतिरेक होतोय, यांपैकी काहीतरी शोधावं. एका रात्रीच्या उडीला अर्थ देऊ नये. सात दिवसांची सरासरी बघावी.

एचआरव्ही, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या अंतरातला बदल, हा त्याचाच नाजूक भाऊ. इथे तुलनेचा मोह टाळायलाच हवा. ॲपल हा आकडा एसडीएनएन नावाच्या सूत्राने देतं, ओराची अंगठी आणि फिटबिटचा बँड आरएमएसएसडी या दुसऱ्या सूत्राने. म्हणजे दोन मित्रांच्या मनगटांवर ४५ दिसलं तरी ते एकच माप नाही. घड्याळाचा ब्रँड बदलला तर जुनी पातळी विसरून नव्याने सुरुवात करायची. एट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाच्या तालाचा विकार असलेल्यांसाठी एचआरव्हीचा आकडा निरर्थक असतो, कारण ठोकेच मुळात अनियमित पडत असतात.

झोपेच्या नोंदीत झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ आणि एकूण तास एवढ्यावर भरवसा ठेवता येतो. टप्प्यांवर नाही. प्रयोगशाळेत गाढ आणि स्वप्नांची झोप मेंदूच्या विद्युत लहरींवरून ठरवतात; बँड ती ठोके आणि हालचालीवरून ताडतो. डोळे उघडे ठेवून निश्चल पडून राहिलं तरी तो झोप धरतो, त्यामुळे निद्रानाश असलेल्यांना तो उगाच छान झोपेचं प्रशस्तिपत्र देतो. उलट काही जण सकाळी स्कोअर कमी दिसला की दिवसभर थकल्यासारखे वागतात. या झोपेच्या आकड्यांच्या ध्यासाला संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही दिलं. अशांनी झोपेचा स्कोअर बंद ठेवावा.

ऑक्सिजन मोजायला लाल आणि अवरक्त प्रकाश लागतो, आणि हात जरा हलला तरी मोजमाप बिघडतं. पाच मिनिटं शांत बसून, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून, अजिबात न हलता आणि न बोलता मोजलं तर आकडा विचारात घेण्याजोगा. झोपेत कूस बदलल्यावर हाताखाली बँड दाबला जातो आणि मधूनच ८६-८७ असे आकडे दिसतात. एकटा पडलेला असा ठिपका सोडून द्यावा. उंच डोंगरावर आकडा खरोखरच उतरतो. गडद त्वचेवर प्रकाशाने ऑक्सिजन मोजणारी साधनं तो प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतात, ही अडचण रुग्णालयातल्या ऑक्सिमीटरलाही आहे. दम लागत असेल तर बँड ९७ दाखवतोय म्हणून थांबू नये.

ईसीजी हा प्रकार वेगळा आणि खराखुरा. एका हाताला घड्याळ, दुसऱ्या हाताचं बोट धातूच्या कडेवर किंवा बटणावर, असं वर्तुळ पूर्ण होतं आणि ३० सेकंदांची एका लीडची, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणारी, नोंद मिळते. ॲपलने २०१८ मध्ये सिरीज ४ घड्याळात ही सोय आणली. ती एट्रियल फिब्रिलेशन शोधण्यासाठी आहे. हृदयविकाराचा झटका ती ओळखत नाही, त्यासाठी दवाखान्यातला बारा लीडचा ईसीजी लागतो. छातीत दुखत असताना घड्याळाने ‘नियमित ताल’ असं सांगितलं तरी त्यावर विसंबणं घातक.

रक्तदाब दाखवणाऱ्या घड्याळांत नीट बघा. सॅमसंगच्या घड्याळाला दंडावरच्या रक्तदाब यंत्राशी जुळवणी करावी लागते, आणि ती दर २८ दिवसांनी पुन्हा. म्हणजे दंडाचं यंत्र घरात लागतंच. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी ते यंत्र घ्यावं, घड्याळाचं नंतर बघू. रक्तातली साखर सुई न टोचता मोजणारं घड्याळ किंवा अंगठी दिसली तर सरळ पुढे जावं. अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला तिने मंजुरी दिलेली नाही. त्वचेखाली बारीक तंतू घालून साखर मोजणारे पॅच वेगळे; घड्याळ त्यांचा आकडा फक्त दाखवतं.

मग घ्यायचं काय? पावलं, झोप आणि विश्रांतीतले ठोके एवढंच हवं असेल तर साधा बँड पुरतो. हलका असतो, रात्री टोचत नाही, आठवडाभर किंवा जास्त चालतो. जाहिरातीतले ‘१४ दिवस’ बरीचशी वैशिष्ट्यं बंद ठेवून मोजलेले असतात; ठोक्यांची सतत मोजणी, रात्रीचा ऑक्सिजन आणि कायम उजळलेला पडदा चालू केला की निम्मे धरून चाला. ईसीजी, कॉल, नकाशे हवे असतील तर स्मार्टवॉच, पण रोज चार्जिंगची तयारी हवी. ते आंघोळीच्या वेळी लावलं तर रात्रीची नोंद बुडत नाही. अंगठी झोपेसाठी सगळ्यात सुखाची, बोटावर संकेतही चांगला मिळतो. वजनं उचलताना मात्र ती काढावी लागते आणि आतली बॅटरी बदलता येत नाही. माप ठरवण्यासाठी मिळणारी नमुना अंगठी पूर्ण २४ तास घालून बघावी, कारण बोट सकाळी आणि संध्याकाळी एकसारखं नसतं. पेसमेकर असेल तर घड्याळ, चुंबकाचा पट्टा आणि चार्जर छातीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायचं आणि घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

फोनशी जुळतं का, हे आधी तपासा. ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही. सॅमसंगची नवी घड्याळं आयफोनला जोडली जात नाहीत, आणि त्यांचा ईसीजी व रक्तदाब सॅमसंगच्याच फोनवर चालतो. वर्गणीचंही बघावं: व्हूप हा बँड सभासदत्वाशिवाय उपयोगाचाच नाही आणि ओराची बरीचशी माहिती वर्गणी भरली तरच दिसते. तीन वर्षांची वर्गणी किमतीत मिळवून मगच तुलना करावी.

परत करण्याची मुदत असेपर्यंत तीन चाचण्या कराव्यात. बसून मानेवरची नाडी पूर्ण ६० सेकंद मोजायची आणि बँडशी ताडायची. तीन-चार ठोक्यांपेक्षा जास्त फरक वारंवार आला तर बसवणूक किंवा वस्तू चुकतेय. मनात मोजत १०० पावलं चालायचं, तीनदा. ९५ ते १०५ ठीक. जीपीएस असेल तर ४०० मीटरच्या मैदानावर पहिल्या लेनमधून चार फेऱ्या मारून १.६ किलोमीटरशी तुलना करायची. सुरू करण्याआधी उघड्यावर उभं राहून उपग्रह सापडल्याची खूण येऊ द्यावी, नाहीतर पहिले दोनशे मीटर वाकडे येतात.

जोडणी फोनच्या ब्लूटूथ यादीतून न करता त्याच कंपनीच्या ॲपमधून करावी. वय, उंची, वजन आणि कोणत्या हाताला बँड आहे हे खरं भरावं. ‘सिंक होत नाही’ या तक्रारीमागे अँड्रॉइडवर बहुधा एकच कारण असतं: बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲपला मागच्या मागे बंद करतो. त्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘अनिर्बंध’ करा. कमाल ठोके बँड २२० वजा वय या सूत्राने धरतो आणि त्यावरून व्यायामातले ठोक्यांचे टप्पे आखतो. हे सरासरीचं सूत्र आहे, व्यक्तीगणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. बीटा-ब्लॉकर (हृदय आणि रक्तदाबासाठीची औषधं) घेणाऱ्यांचे ठोके औषधाने दबलेले असतात, त्यांनी ते टप्पे वापरूच नयेत.

पट्ट्याखालचं पुरळ बहुतेक वेळा अडकलेल्या घामामुळे आणि साबणामुळे येतं. पट्टा रोज पाण्याने, एक-दोन दिवसांआड सौम्य साबणाने धुवून पूर्ण कोरडा करावा, मनगट बदलत राहावं. तरी लाली राहिली तर निकेल किंवा चिकटद्रव्याची ॲलर्जी असू शकते. याच प्रकारच्या तक्रारींमुळे २०१४ मध्ये फिटबिटला फोर्स हा बँड परत मागवावा लागला होता. चार्जिंगच्या पिना घामाने काळवंडतात, बोळ्याला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसाव्यात आणि कोरड्या झाल्यावरच चार्जरला लावाव्यात. खोक्यावर ‘५ एटीएम’ (पाणी रोखण्याची क्षमता) लिहिलं असेल तर पोहायला चालेल. वाफेच्या खोलीत आणि साबणाच्या गरम पाण्यात आतलं रबरी सील कमकुवत होतं. खाऱ्या किंवा क्लोरीनच्या पाण्यातून आल्यावर नळाखाली धुवावं.

डॉक्टरांकडे जाताना अख्खं ॲप उघडून दाखवण्यात अर्थ नाही. विश्रांतीतल्या ठोक्यांचा तीन महिन्यांचा आलेख, ईसीजी घेतला असेल तर त्याची पीडीएफ आणि त्या वेळी काय जाणवत होतं याची एका ओळीची नोंद, एवढं घेऊन जा. झोपेचा स्कोअर घरीच राहू द्या.