बालेवाडीचं क्रीडासंकुल: २००८ च्या स्पर्धेतून पुण्याच्या पदरात काय पडलं?

मोठी स्पर्धा भरवणं परवडलं का, हे तपासायचं तर स्पर्धा संपल्यावर पंधरा वर्षांनी सकाळी सहाला त्या मैदानावर जावं. सराव करणारी पोरं दिसली, तर पैसा कामी आला. म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उभं राहिलं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाली. ७१ देश, बाराशेच्या वर खेळाडू, नऊ खेळ. त्याच हिशेबाने हे परीक्षण, एकेका सोयीचं.

पूर्ण गुण नेमबाजीच्या रेंजला. १० मीटरची एअर रायफल रेंज एखादी शाळासुद्धा आपल्या हॉलमध्ये उभारू शकते. ५० मीटरचं तसं नाही. तिथे .२२ बोअरच्या रायफलची गोळी अडवणारी भिंत लागते, नेम वर गेला तर गोळी रोखणारे आडवे अडथळे लागतात, मागे सुरक्षित जागा लागते आणि परवाने वेगळेच. एवढा खर्च कुठलाही क्लब किंवा नगरपालिका आपणहून करत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या निमित्तानेच तो होतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरण्याच्या प्रकाराचं) कांस्य जिंकलं. त्याचा सराव याच रेंजवरचा. रेंज टिकवायची तर इलेक्ट्रॉनिक टार्गेटकडे लक्ष हवं. ध्वनीवर चालणाऱ्या टार्गेटमध्ये गोळी कुठून गेली हे मायक्रोफोन टिपतात, आणि समोरची रबरी पट्टी फाटली की आवाज विखुरतो आणि गुण चुकीचे पडतात. त्यामुळे पट्टीचे रोल सतत शिल्लक असावेत. ते संपले की कोट्यवधींची रेंज काही रुपयांच्या रबरावाचून अडते.

बॅडमिंटन हॉलही पैसे वसूल करणारा. २००८ मध्येच इथे जागतिक ज्युनियर अजिंक्यपद झालं आणि सायना नेहवालने मुलींचं एकेरीचं विजेतेपद घेतलं. उंच छत, झोत न लागणारी हवा आणि लाकडी जमिनीवर मॅट, या तीन गोष्टी शहरातल्या बहुतेक हॉलमध्ये एकत्र मिळत नाहीत. अशा हॉलचा शत्रू म्हणजे पावसाळ्यातली गळती. पाणी मॅटखाली गेलं की लाकूड फुगतं, पट्ट्या उचलल्या जातात आणि घोटा मुरगळतो. दरवर्षी मे महिन्यात छप्पर तपासलं तर हे टळतं.

जलतरण तलावाबद्दल मात्र हात आखडता घ्यावा लागतो. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तलाव म्हणजे २५ लाख लिटर पाणी. ते चार ते सहा तासांत एकदा गाळणीतून फिरायला हवं, म्हणजे पंप जवळजवळ दिवसभर चालू. पीएच (पाण्याची आम्लता मोजणारा आकडा) ७.२ ते ७.६ मध्ये ठेवावा लागतो; त्यावर गेला की क्लोरीनचा जोर कमी होतो आणि पाणी हिरवट दिसू लागतं. स्पर्धक जलतरणपटूला हा तलाव अमूल्य आहे, पण पोहायला शिकणाऱ्या मुलाला दोन मीटर खोली उपयोगाची नाही. त्याला आपल्या पेठेतला उथळ, २५ मीटरचा तलाव हवा, आणि तो कुठलीही स्पर्धा बांधून देत नाही.

मुख्य स्टेडियमची अडचण आखणीतच आहे. भोवती आठ लेनचा ट्रॅक असल्याने फुटबॉलचा प्रेक्षक खेळापासून लांब बसतो. २०१४ ते २०१९ या काळात इथे एफसी पुणे सिटीचे सामने झाले, तेव्हा हे अंतर जाणवायचंच. शिवाय भाला आणि हातोडा पडून गवतात खड्डे होतात, म्हणून एकाच मैदानावर दोन्ही खेळ सुखाने नांदत नाहीत. सिंथेटिक ट्रॅकची जाडी सुमारे १३ मिलिमीटर असते आणि चांगली निगा राखली तर तो आठ-दहा वर्षं जातो. झिजतो आधी आतल्या लेनमध्ये आणि १०० मीटरच्या सुरुवातीपाशी. बोटाने घासल्यावर दाणे सुटत असतील, किंवा पाणी शिरून फुगे आले असतील, तर नवा थर घालायची वेळ झाली. हळू पळणाऱ्यांनी बाहेरच्या लेन वापराव्यात. पहिली लेन वेगाच्या सरावासाठी मोकळी ठेवावी.

पण तयार मैदानाचा फायदा २०१३ मध्ये दिसला. आशियाई ॲथलेटिक्स चेन्नईत होऊ शकली नाही, आणि ३ ते ७ जुलैला, ऐन पावसाळ्यात, ती बालेवाडीने पार पाडली. टेनिसची एटीपी (पुरुष व्यावसायिकांच्या मालिकेतली) स्पर्धाही चेन्नईहूनच २०१८ मध्ये इथे आली आणि जानेवारी २०२३ नंतर थांबली. स्पर्धा गेली, कोर्टं राहिली.

दिल्लीचा अनुभव शेजारी ठेवला की आकाराचं महत्त्व पटतं. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचा २००३ मधला अंदाज सुमारे १,२०० कोटींचा होता; सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालात आकडा १८,५३२ कोटींवर गेला. पुण्याने लहान वयोगटाची स्पर्धा घेतली, जुन्या संकुलात भर घातली, आणि पुढची कितीतरी वर्षं एकामागून एक स्पर्धा त्याच जागेत बसवल्या. आमच्या मते यजमानपद घ्यावं ते असंच.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे. तिथल्या लोकांनी प्रत्येक नव्या बांधकामाआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: स्पर्धेनंतर सरावाच्या वेळा कोणत्या, त्याचं शुल्क किती, आणि पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचा पैसा कुठल्या खात्यात ठेवला आहे.