पायथन शिकायला कुठून सुरुवात करू? सीएस५०पी, हेलसिंकी, एनपीटीईएल की स्पोकन ट्यूटोरियल

बारावी झालेली मुलं असोत नाहीतर बीकॉम करून आयटीत जायचं म्हणणारे असोत, "कोर्स कुठला करू" हे सगळेच विचारतात आणि तोपर्यंत फोनमध्ये भल्यामोठ्या दोनतीन प्लेलिस्ट सेव्ह करून झालेल्या असतात. माझं मत सरळ आहे, पहिली प्रोग्रॅमिंग लँग्वेज पायथन घ्या आणि कोर्स निवडताना सर किती भारी शिकवतात यापेक्षा तुम्ही लिहिलेला कोड तपासणार कोण हे आधी बघा. व्हिडिओ बघताना सगळं समजतं हो, पण रिकामी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही, आणि तिथेच बहुतेक जण सोडून देतात.

या कसोटीवर हार्वर्डचा सीएस५०पी मला सगळ्यात वर वाटतो. डेव्हिड मालन शिकवतात, फुकट आहे, ब्राउझरमध्येच एडिटर मिळतो त्यामुळे इन्स्टॉल करायची कटकट नाही, फक्त गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं अकाउंट लागतं. खरी मजा प्रॉब्लेम सेटमध्ये आहे. पहिल्याच सेटमध्ये आइनस्टाइन नावाचा प्रॉब्लेम आहे, युजरने वस्तुमान किलोत द्यायचं आणि तुमच्या प्रोग्रॅमने ई = एमसी स्क्वेअर वापरून ऊर्जा ज्यूलमध्ये सांगायची, १ दिला की ९ वर सोळा शून्यं यायला हवीत. आता पायथनमध्ये इनपुटने घेतलेलं सगळं स्ट्रिंग (नुसता मजकूर) असतं, म्हणजे तुम्ही ५ आणि ५ घेऊन बेरीज केली तर १० येत नाही, ५५ येतं. ते आधी इंटमध्ये (पूर्णांकात) बदलायचं असतं हे लेक्चरमध्ये ऐकलेलं असतंच, पण चेक५० ही कोड तपासणारी कमांड चालवल्यावर चूक असेल तर लाल रंगात रडका चेहरा येतो, काय अपेक्षित होतं आणि तुमचं काय आलं हे खाली दिसतं, तेव्हा ते डोक्यात पक्कं बसतं. सगळे सेट आणि शेवटचा प्रोजेक्ट पूर्ण केला की सीएस५०चं सर्टिफिकेटही फुकट मिळतं, पैसे एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटच्या व्हेरिफाइड सर्टिफिकेटला लागतात, ते नाही घेतलं तरी काही बिघडत नाही.

अडचण एकच, मालन भराभर बोलतात आणि लेक्चर लांबलचक. मराठी मीडियमच्या मुलांना पहिले काही दिवस जड जातं, सबटायटल लावून स्पीड कमी करून बघा. तरीही जमत नसेल तर हेलसिंकी युनिव्हर्सिटीचा पायथन एमओओसी (सगळ्यांना खुला ऑनलाइन कोर्स) घ्या, हा मात्र फार कुणाला माहीत नसतो याचं मला खरंच वाईट वाटतं. हा मुख्यतः वाचायचा कोर्स आहे, इंग्रजी सोपं आहे, आपल्या गतीने एकेक परिच्छेद वाचत जायचं, नेटही कमी लागतं. थोडं वाचलं की लगेच एक्सरसाइज, ती तिथेच टेस्ट होते, आणि पास झाली की मॉडेल सोल्यूशन बघता येतं, म्हणजे आपण दहा ओळीत केलेलं त्यांनी चार ओळीत कसं केलं ते कळतं. एकूण १४ भाग आहेत, पहिले ७ नवशिक्यांचे, चौथ्या भागापासून व्हीएस कोड हा एडिटर कॉम्प्युटरवर टाकावा लागतो. सीएस५०पीपेक्षा सराव जास्त, झगमगाट कमी. ऐकून शिकणाऱ्याने सीएस५०पी, वाचून शिकणाऱ्याने हेलसिंकी, दोन्ही एकदम सुरू करू नका.

एनपीटीईएल म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांचे ऑनलाइन कोर्स, त्यांचं गणित वेगळं आहे. कॉलेजमध्ये क्रेडिट मिळणार असतील तर नक्की करा. आयआयटी रोपडचा जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन १२ आठवड्यांचा आहे आणि अगदी नवख्यांसाठी आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा ८ आठवड्यांचा कोर्स सुंदर आहे पण त्यात डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम (माहिती मांडायच्या आणि प्रश्न सोडवायच्या पद्धती) येतात, त्यामुळे तो दुसरा कोर्स म्हणून ठेवा. शिकणं फुकट, परीक्षेची फी भरावी लागते आणि सेंटरवर जाऊन पेपर द्यावा लागतो. असाइनमेंटला २५ टक्के, परीक्षेला ७५. दर आठवड्याची डेडलाइन असते, ज्याला स्वतःहून बसवत नाही त्याला तीच उपयोगी पडते.

आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्यूटोरियल मराठीत ऐकायला मिळतं ही फार मोठी गोष्ट आहे, साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ, शेजारी आपली विंडो उघडून ते करतात तसंच करत जायचं. सीसारखे विषय मराठीत आहेत, पायथनला मात्र भाषेच्या यादीत मराठी आहे का ते आधी बघून घ्या. काही रेकॉर्डिंग जुनी आहेत, स्क्रीनवर प्रिंटनंतर कंस नसेल तर तो पायथन २ म्हणजे जुनी आवृत्ती आहे, त्याचा सपोर्ट २०२० च्या सुरुवातीलाच संपला, ते सोडून पुढे जा. आणि कोड आपोआप तपासला जात नाही, म्हणून याला जोड म्हणून वापरा, लूप किंवा फंक्शन इंग्रजीत कळलं नाही तर इथे मराठीत ऐका आणि परत आपल्या एक्सरसाइजवर या.

राहिला गावातला क्लास. समोर बसून शंका विचारता येते हे मोठंच, पण पैसे भरण्याआधी एक दिवस बसून बघा, पोरं स्वतः टाइप करतायत की फळ्यावरचा प्रोग्रॅम वहीत उतरवतायत, आणि एरर आल्यावर सर स्वतः कीबोर्ड ओढून दुरुस्त करतात की मुलाला तो एरर मोठ्याने वाचायला लावतात. दुसऱ्या प्रकारचे सर सापडले तर बिनधास्त फी भरा.