‘तुंबाड’: प्रॅक्टिकल बुडवल्याचं सार्थक

सेकंड इयर बीएस्सीला आहे, ऐरोलीत राहते. 2018चा ‘तुंबाड’ हा भयपट 2024मध्ये पुन्हा लागला, तेव्हा प्रॅक्टिकल बुडवून वाशीला पाहून आले (आईला अजून सांगितलेलं नाही). खजिन्यासाठी विहिरीतून खाली उतरायचं, तेही कणकेची बाहुली घेऊन! तिथला शापित, राक्षसासारखा देव हस्तर ती खायला लागला की त्याच्या लंगोटीतली सोन्याची नाणी ओरबाडायची. तेव्हापासून पोळ्यांची कणीक मळताना माझा हात थबकतो. पाऊस तर असला, की बाहेर आले तेव्हा कोरडं ऊन बघून चुकल्यासारखं झालं. बायकांच्या वाट्याला फारसं काही नाही, हे खटकलं. मागची पोरं सारखी मोबाइल उघडत होती, पण बाप पोराला उतरायची तालीम देतो तिथे तीही गप्प.