आजोबांचं एचएमटी जनता आणि राम आळीच्या बोळातले घड्याळवाले काका

चावीचं जुनं घड्याळ असेल आणि ते दुसऱ्याच्या हातात द्यायला भीती वाटत असेल तर रत्नागिरीत एक जागा आहे. राम आळीच्या बाजूच्या एका बोळात, पाटीवर नुसतं 'घड्याळ दुरुस्ती' लिहिलंय, ते पण अर्धं पुसलेलं. मी दोनदा समोरून गेलो आणि दोन्ही वेळा चुकलो.

आमचं घड्याळ म्हणजे आजोबांचं एचएमटी जनता, डायलवर देवनागरीत जनता लिहिलेलं. आजोबा लालबागला गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर गावी आले ते परत गेलेच नाहीत, आणि मुंबईचं म्हणून जे काय घरात उरलं त्यात हे एक. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी भरलं तेव्हा आम्ही सगळे वरच्या मजल्यावर आणि घड्याळ खाली कपाटाच्या तळच्या खणात. तिसऱ्या दिवशी चिखलातून डबा काढला तर काचेच्या आत पाणी डुचमळत होतं.

मग जे सगळे करतात तेच केलं, तांदळात ठेवलं, उन्हात ठेवलं. नंतर एका दुकानात दिलं (नाव नको), त्याने सातशे घेतले, 'एकदम नवीन करून दिलंय' म्हणाला, चार महिन्यांत बंद. दुसऱ्या ठिकाणी तर उघडून पण बघितलं नाही, म्हणे आतलं मशीन काढून सेलवालं टाकून देतो, डायल पण नवीन रंगवून देतो, कोणाला कळणार पण नाही. अहो मला कळेल ना! घड्याळ उचललं आणि घरी आणलं, दोन वर्षं तसंच पडून.

रत्नागिरीच्या काकांकडे मेव्हण्याने पाठवलं. त्यांनी आधी घड्याळ कानाला लावलं, मग चावी दोन बोटांत फिरवून बघितली, मग मागचं झाकण काढलं आणि डोळ्याला भिंग लावून पाचेक मिनिटं गप्प. मग एकदम, "हा स्क्रू कोणी लावलान इथे? ह्याचा नाहीच हा." भिंग माझ्याकडे दिलं. मला आधी काहीच दिसेना, मग दिसलं, चावीच्या दांड्यावर तांबूस गंज आणि एका स्क्रूचं डोकं बाकीच्यांपेक्षा मोठं, कडेने ओरखडे. म्हणाले, आधीच्याने साफ केलंच नाही, गंजावरच तेल सोडलंन, ते गाळ धरून बसलं. आणि पाणी गेलं तर तांदूळबिंदूळ काही उपयोगाचं नाही, त्याच दिवशी उघडून वाळवायला आणायचं, पोलादाला गंज धरायला दोन दिवस पण पुरतात, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारखं काहीतरी होतं. ३-८१ आणि खाली कसलीतरी सही. दुरुस्ती करणारे पूर्वी अशी खूण करून ठेवायचे म्हणे. म्हणजे संपाच्या आदल्या वर्षी आजोबांनी मुंबईत कुठेतरी हे सर्व्हिसिंगला दिलेलं, पगार चालू असताना. मी त्याचा फोटो काढून लगेच बाबांना पाठवला, त्यांचा फोनच आला, दुकानातच बोलत बसलो, काका काही बोलले नाहीत, दुसरं घड्याळ घेऊन बसले.

डायलचं विचारलं तर सरळ नाही म्हणाले. पाण्याचा डाग राहू दे, रंगवलं की गेलं. आजकाल ऑनलाइन जी चकाचक जुनी एचएमटी मिळतात त्यातली बरीचशी रंगवलेलीच असतात म्हणे. पार्ट नवीन कुठून मिळणार, कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला, पण त्यांच्याकडे डब्यांत मोडकी एचएमटी भरलेली आहेत, जनता आणि एचएमटीच्याच पायलट मॉडेलमध्ये बऱ्याचदा मशीन तेच असतं त्यामुळे एका पायलटचा दांडा आणि स्क्रू बसला. मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिली की आवळली जाते ती स्प्रिंग, ती पण बदलली. हे सगळं आधी फोन करून विचारलं, मग केलं.

आता तक्रारी. दोन आठवडे सांगून सहा लावले. पावती नाही, एका वहीत नाव आणि फोन नंबर, बस. फोन उचलत नाहीत, स्वतःला हवा तेव्हाच करतात. दुपारी एक ते साडेचार दुकान बंद, चिपळूणहून एसटीने गेलेला माणूस जाणार कुठे! मी मांडवीला जाऊन समुद्र बघत बसलो.

पण दिलं तेव्हा पाच दिवस आधीच चालवून ठेवलेलं, कधी डायल वर, कधी उलटं, कधी टांगून, आणि वहीत रोजचा फरक लिहिलेला. बाराशे घेतले. काढलेले जुने पार्ट कागदाच्या पुडीत बांधून दिले, न मागता, तो चुकीचा स्क्रू पण. मी म्हटलं टाकून द्या, तर म्हणाले, "तुमचं आहे, तुम्ही टाका." त्यांची खूण कुठे आहे विचारलं तर त्या ३-८१ च्या पद्धतीने कोरायचं त्यांना आवडत नाही म्हणे, झाकणाला ओरखडा कशाला.

सात महिने झाले, दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं, रोज सकाळी चावी देताना जुळवून घेतो. पाण्यात घालायचं नाही, घाम येत असेल तेव्हा पण काढून ठेवायचं असं बजावलंय.

जाणार असाल तर सकाळी दहा-साडेदहाला जा, सुट्टे पैसे न्या. सेलचं घड्याळ नेलंत तर सेल बदलून देतात, पण तोंड वाकडं करून.