व्हासिली ग्रोसमन : तीन पुस्तकं, आणि त्यांतलं आधी कोणतं मागवावं

सोव्हिएत लेखक ग्रोसमनचं नाव ऐकून बहुतेक वाचक थेट ‘लाइफ अँड फेट’ मागवतात आणि पहिल्या शंभर पानांत अडकतात. दोष त्यांचा नाही. ती जोडकादंबरीतली दुसरी आहे. पहिली, ‘स्टालिनग्राड’, इंग्रजीत नीट आली ती २०१९मध्ये. दुसरीचा रॉबर्ट चँडलर यांचा अनुवाद मात्र १९८५पासून मिळतो.

आमचा सल्ला : सुरुवात ‘अ रायटर ॲट वॉर’पासून करा. बीव्हर आणि व्हिनोग्रादोव्हा यांनी संपादित केलेल्या या ग्रोसमनच्या युद्धकाळातल्या टिपणवह्या. शिक्षणाने केमिकल इंजिनिअर असलेला हा माणूस ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या लष्करी दैनिकाचा वार्ताहर झाला. सैनिकांशी बोलताना तो वही काढत नसे. ऐकलेलं रात्री आठवून लिहायचा. म्हणूनच त्याच्या कादंबरीतले शिपाई मुलाखत दिल्यासारखे बोलत नाहीत. पोलंडमधल्या त्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीवरचा १९४४चा लेख थांबत थांबत वाचा. त्यात मृतांचा आकडा तीस लाखांच्या घरात दिला आहे. पुढच्या संशोधनाने तो आठ-नऊ लाखांच्या आसपास आणला. लेखाचं मोल त्याने तसूभरही कमी होत नाही.

भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकावरून रोज जाणाऱ्या सोलापूरकरांना काळाचा संदर्भ चटकन लागेल : डॉक्टर चीनमध्ये ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले, त्याच दिवसांत स्टालिनग्राडला जर्मनांचं सहावं सैन्य वेढ्यात सापडलं होतं.

‘लाइफ अँड फेट’ साडेआठशेहून जास्त पानांची. खरी अडचण नावांची : एकच माणूस कधी आडनावाने, कधी वडिलांच्या नावासकट, कधी लाडक्या नावाने येतो. एका पुठ्ठ्यावर शापोश्निकोव्ह घराण्याची वंशावळ काढून पुस्तकात ठेवा. ल्युद्मिलाचा नवरा श्त्रूम, येव्गेनियाचा आधीचा नवरा क्रिमोव्ह आणि तिचा प्रियकर नोव्हिकोव्ह, एवढं पक्कं झालं की निम्मं काम झालं. पहिल्या भागाचं अठरावं प्रकरण, आईचं मुलाला पत्र, कंटाळा आला तरी गाठाच. ग्रोसमनची स्वतःची आई १९४१मध्ये युक्रेनमधल्या बेर्दिचेव्हला नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडात मारली गेली. ते पत्र वाचताना हे माहीत असायलाच हवं.

१९६१मध्ये केजीबीने, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांनी, ‘लाइफ अँड फेट’चं हस्तलिखितच नव्हे, कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या रिबनीही उचलून नेल्या. १९६४मध्ये ग्रोसमन वारला. मित्रांकडे लपवलेल्या प्रतींच्या मायक्रोफिल्मवरून पुस्तक १९८०मध्ये स्वित्झर्लंडमध्ये छापलं गेलं, रशियात १९८८मध्ये.

पेपरबॅक प्रतीची पाठ जाड असते. पहिल्यांदाच मधोमध उघडली तर डिंकाला चीर जाते. दोन्ही टोकांकडून थोडी थोडी पानं उघडून दाबत मध्यापर्यंत या. एप्रिल-मेत पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. उन्हाने डिंक वाळून पानं सुटतात. पार्सल आलं की शेवटची पानं आधी तपासा : पात्रांची यादी तिथेच असते, आणि ती रोज लागणार आहे.